झाकलेलं शेवटचं पान

मी माझ्या थोरल्या भावाला पुस्तकाने मारलं. रागाच्या भरात हात उठला, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मारण्याआधी मी पुस्तक नीट धरलं होतं, कोपरा पुढे येईल असं.

पुस्तक त्याचंच. जुन्या मासिकांतल्या विज्ञानकथा कापून दादाने सदाशिव पेठेत बाइंडिंग करून घेतलेला जाड खंड. एका कथेत लग्नं जुळवणारं यंत्र स्वतःच रुसून बसायचं. दुसरीत एका वाक्यात अख्खं शहर जळायचं आणि पुढच्या वाक्यात कुणीतरी दूध तापवायला ठेवायचं. दर रविवारी दादा माझ्याकडे कर्वेनगरला येऊन मला आणि माझ्या मुलीला एक कथा मोठ्याने वाचून दाखवायचा, शेवटच्या पानावर तळहात ठेवायचा आणि विचारायचा, "बोला, पुढे काय?"

त्या रविवारची कथा दूरच्या ग्रहावरच्या एका पहारेकऱ्याची होती. कैदेतल्या प्राण्याला तो रोज काठीने बडवतो. हाडं मोडतात, पण प्राणी ओरडत नाही. नुसता बघत राहतो.

"प्राणी त्याचा गळा फाडतो," मी म्हणालो.

"वा! इतकी वर्षं ऐकतोयस, पण तुझी अक्कल काही मारामारीच्या पुढे सरकत नाही."

माझी मुलगी खुदकन हसली. मी त्याच्या हातातला खंड ओढून घेतला आणि मारलं.

चष्म्याची काच भुवईत घुसली. रक्त खाली पडलेल्या खंडाच्या उघड्या पानांवर, फरशीवर. मुलगी किंचाळत होती आणि दादा एका हाताने भुवई दाबून तिलाच म्हणत होता, "काही नाही गं, काही नाही."

सहा टाके पडले. तो पुन्हा आला नाही. मुलगी माझ्यासमोर हसेनाशी झाली.

खंड माझ्याकडेच राहिला होता. गेल्या महिन्यात उघडला. रक्ताने चिकटलेली पानं सुरीने सोडवली. शेवटच्या पानावर काठी मोडते, तिची ढलपी पहारेकऱ्याच्या तळहातात घुसते आणि प्राणी पहिल्यांदाच बोलतो: "लागलं का?" कथा तिथेच संपते.

मुलीला घेऊन मी बिबवेवाडीला गेलो. तिच्यादेखत मारलं होतं. दादाने दार उघडलं, माझ्या हातातला खंड पाहिला.

"कळला का शेवट?"

"कळला. दादा, हात उठला नव्हता. मी कोपरा पुढे धरून मारलं. तू खरं बोललास म्हणून मारलं. मला माफ कर."