गाडी मागे येतच नाही

गाड्यांच्या शोरूममध्ये किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. सकाळी शटर वर गेलं की ते आपणहून येऊन सोफ्यावर बसतात, चहा मागतात. फरक एवढाच की बाकीचे सांगून हसतात आणि मला सांगताना अजून राग येतो.

जर्मनीत गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं, की नगरला परत जायचं आणि लोकांना त्यांची गाडी नीट समजावून सांगायची. शोरूमने मला ‘ग्राहक प्रशिक्षक’ म्हणून घेतलंही. पहिल्या दिवशी वाटलं होतं, हातात गाडी मिळेल. मिळाली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. ती ग्राहकाच्या हातात देऊन फोटोत हसायचं, हे माझं प्रशिक्षण.

माझी मागणी साधी होती. डिलिव्हरीच्या वेळी मला पाच मिनिटं द्या. चढावर आपली गाडी काय करते आणि काय करत नाही, हे माणसाला इथेच कळू दे, घाटात नको. आमचे मालक, सगळे त्यांना शेठ म्हणतात, त्यांचं म्हणणं, “शुभ वेळेला ग्राहकाला घाबरवायचं नाही.”

*

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. चढावर थांबलेली गाडी काढताना ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी मागे घरंगळते. हिल होल्ड असलेली गाडी चढ ओळखते आणि पाय काढल्यावरही ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवते. मॅन्युअल असेल तर तेवढ्यात क्लच हळूहळू सोडत गाडी उचलायची. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नसतं, नुसता ॲक्सिलरेटर द्यायचा. तेवढ्या वेळात निघालात तर उत्तम. नाहीतर ब्रेक सुटतो आणि गाडी मागे येते. तो काही हँडब्रेक नाही.

हे मी आमच्या सेल्समन संतोषला नीट समजावलं. तो खर्डा गावचा. गाड्या विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, लई लांबतंय हे. मी एका वाक्यात सांगतो. गाडी मागं येतच न्हाई.”

मी म्हटलं, हे खोटं आहे.

“खोटं कसं? दोन सेकंद तर न्हाईच येत.”

*

त्या एका वाक्यावर मॅन्युअल गाडी घेऊन गेलेले एक निवृत्त तलाठी महिनाभरात परत आले. गाडीचा मागचा बंपर फुटलेला आणि सोबत दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, भांडण तसंच चालू असलेलं.

झालं होतं असं, की उड्डाणपुलाच्या चढावर वाहनं तुंबली. तलाठीसाहेबांनी गाडी न्यूट्रल केली, ब्रेकवरचा पाय काढला आणि चष्मा पुसायला घेतला. गाडी मागे येतच नाही म्हटल्यावर ब्रेक कशाला दाबून बसायचं? गाडी अलगद मागे गेली आणि टेम्पोवर आदळली. साहेबांनी खाली उतरून टेम्पोवाल्यालाच झापलं. माझी गाडी मागे येत नाही, कंपनीने तसं सांगितलंय, म्हणजे तूच पुढे येऊन ठोकलंस.

टेम्पोवाला आमच्या काउंटरवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, “साहेब, डिझेल वाचवायला मी इंजिन बंद करून खाली उभा हुतो.”

सगळं शोरूम हसलं. मी त्या दिवशी शेठकडे पुन्हा पाच मिनिटं मागितली. शेठ म्हणाले, बंपर विकला गेला ना?

*

दुसरे गृहस्थ अकोल्याकडचे, आपल्या अकोले तालुक्यातले. ऑटोमॅटिक घेतलेली. रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्यावर चढात गाड्यांची रांग लागली. हे ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवून गाडी तिथल्या तिथे तोलून बसले. बराच वेळ. मग जळका वास आला, आणि गाडी ओढून आमच्याकडे आणावी लागली.

वर्कशॉपने निदान केलं की क्लच जळाला, चालवण्याची चूक आहे, वॉरंटीत बसत नाही.

गृहस्थ म्हणाले, “आवं, क्लच न्हाई म्हणून तर ही गाडी घेतली. नसलेला क्लच जळला कसा?”

तो माणूस मुळीच वेडा नव्हता. अशा स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये क्लच असतो, तो आपल्याऐवजी मशीन दाबतं, म्हणून चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलायची नाही, ब्रेक दाबून थांबायचं. तीन वाक्यं. ही तीन वाक्यं त्याला सांगायला कोणाला वेळ नव्हता, आणि चूक मात्र त्याची!

*

एकदा मी परवानगी न घेताच सुरुवात केली. ग्राहक, त्याची बायको, आई, दोन मेव्हणे, सगळे नव्या गाडीभोवती. चाकांखाली लिंबं ठेवलेली. मी म्हटलं, आता एक महत्त्वाचं सांगते, चढावर... तेवढ्यात संतोषने गाणं लावलं. मी आवाज चढवला, त्याने गाणं चढवलं. आई माझ्याजवळ आल्या, मायेने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाल्या, “घसा बसंल पोरी.”

*

आता शेवटचा.

जयश्रीबाई अकोले तालुक्यातल्या एका डोंगरातल्या शाळेवर शिक्षिका. घर उंचावर, फाटकापर्यंत खडा चढ. म्हणून खास हिल होल्डवाली ऑटोमॅटिक घेतली. त्यांचे सासरे आयुष्यभर जीपने फिरलेले. तिकडे चढावर जीप थांबली की मागे बसलेल्याने उतरून चाकामागे दगड लावायचा, ही रीत. कोणी सांगावं लागत नाही.

घरी पोचल्यावर फाटक उघडेपर्यंत बाई चढावर थांबल्या. सासरे सवयीने उतरले आणि दगड घेऊन चाकामागे वाकले. तेवढ्यात बाई ब्रेकवरचा पाय काढून निवांत बसल्या. दोन-तीन सेकंदांत ब्रेक सुटला, गाडी मागे आली. मांडीचं हाड मोडलं. बाईंनी घाबरून का होईना ब्रेक दाबला, म्हणून माणूस वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयश्रीबाई आणि त्यांचे मिस्टर शोरूमला आले. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मी वाचलेल्यावर नाही, डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवला. तुमच्या ह्या सेल्समननी मला इथे चढाच्या रॅम्पवर गाडी उभी करून दाखवली होती. पाय काढून, हात वर करून. गाडी हलली नाही. मग माझ्याच दारात मागे कशी आली?”

संतोष मान खाली घालून उभा. शेठ मात्र ताडकन म्हणाले, “बाई, तुम्हाला ऑटोमॅटिकची सवय नाही. गाडीत दोष नाही. आमची गाडी मागे येतच नाही, मी स्वतः मागे उभा राहून दाखवतो.”

जयश्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. किल्ली देताना फोटोत त्यांच्या शेजारी मीच होते.

ते दोघं गेल्यावर मी रॅम्पवरच्या डेमो गाडीत जाऊन बसले. सीटांच्या मध्ये माहितीपत्रकांचा गठ्ठा होता, नेहमी असायचा. तो उचलला. खाली हँडब्रेक, दोन दाते वर ओढलेला. पाय काढून हात वर केले तरी गाडी जागच्या जागी धरून ठेवायला पुरेसा.

घरी जाऊन राजीनामा लिहिला. सकाळी तो पर्समध्येच ठेवला.

शेठ येण्याआधी डेमो गाडी रॅम्पच्या मधोमध उभी केली. गठ्ठा बाहेर काढून ठेवला, संतोषला स्टिअरिंगवर बसवलं, ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि हँडब्रेक माझ्या हाताने पूर्ण खाली केला. जयश्रीबाईंना मी पहाटेच फोन केला होता. त्या समोर खुर्चीत बसल्या होत्या. दोन नवे ग्राहकही येऊन थांबले होते.

शेठ आले. मी नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “शेठ, काल म्हणालात तसं मागे उभे राहता का? संतोष फक्त पाय काढेल.”

शेठ हसले. लोक बघत होते. ते गाडीच्या मागे जाऊन, हाताची घडी घालून उभे राहिले.

“काढ रे पाय,” ते म्हणाले.

संतोषने आरशात मागे पाहिलं, मग माझ्याकडे.

“न्हाई काढत,” तो म्हणाला. “शेठ, आधी तुमी बाजूला व्हा.”