पाठीमागचा तळहात

फिजिओथेरपीच्या खोलीत तीन पायऱ्यांचा एक लाकडी जिना आहे, कुठेच न जाणारा. माझी पाच वर्षांची भाची मुक्ता तो चढायचा सराव करते आणि माझी बहीण तिच्या पाठीमागे तळहात उघडा धरून उभी राहते. तो पाठीला लागत नाही. नुसता असतो.

मुक्ताच्या अंगात शक्ती कमी तयार होते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की पेशीत शक्ती बनवणारी मायटोकॉन्ड्रिया असतात आणि त्यांच्या आत प्रथिनं घडवणारी त्यांची स्वतःची इवली यंत्रं, रायबोसोम. पण त्या यंत्रांना सावरून धरणारी प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर, पेशीत तयार होऊन आत येतात. मुक्ताचं त्यातलंच एक अधू आहे. "यंत्र बंद नाही, हळू चालतंय," त्या म्हणाल्या होत्या.

"एवढंसं तर प्रथिन," असं घरी कुणीतरी म्हणालं, तेव्हा मला राग आला. आधार एवढासाच असतो. बाहेरून आत जातो, यंत्र सावरतो, आणि मग आतून निघालेली शक्ती त्याला घडवणाऱ्या पेशीलाच परत मिळते.

आज मुक्ता वरच्या पायरीवर पोचली. धापा टाकत मागे वळली आणि आपला चिमुकला तळहात पुढे करून म्हणाली, "आई, आता तू चढ. मी धरते."

बहिणीनं चपला काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.