माळवदावरची माती

अण्णा, म्हणजे माझे वडील, निजामाच्या राज्यात हैदराबादच्या सरकारी वेधशाळेत नोकरीला होते. भूकंपाच्या मशीनवर. धुरानं काळा केलेला कागद रोज मशीनला गुंडाळायचा, सुई त्यावर पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ वेडीवाकडी व्हायची. आमच्या गावी, जळकोटला, या कामाचं कुणाला काही कळत नव्हतं. "पुढचा जलजला कधी हाय?" असं भूकंपाबद्दल लोक बाजाराचा वार विचारावा तसं विचारायचे. अण्णा चिडायचे आणि मला हसू यायचं.

गावात अण्णांची थोरली बहीण राहायची. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, म्हणजे गळत नाही. जुना थर मात्र कुणी काढत नसे. अण्णा आत्याच्या मागेच लागले. "अक्का, एवढं ओझं डोक्यावर घिऊन झोपतीस. जमीन जरा हलली तर खाली बसंल. औंदा माती टाकू नको." भावाचा शब्द म्हणून तिनं ऐकलं.

त्या पावसात घर गळलं. आम्ही गेलो तेव्हा तिची बाळंतीण सून तान्ह्याला छातीशी धरून बाजेच्या कोरड्या कोपऱ्यात सरकली होती. आत्या गळतीखाली भांडी मांडत राहिली. भावाला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. उघडीप मिळताच अण्णा स्वतः वर चढले आणि पाट्यांवर पाट्या माती टाकली, नेहमीपेक्षा जाडच. "आता न्हाई गळायचं," उतरून म्हणाले. आत्यानं त्यांच्या चिखलाच्या पायांवर पाणी ओतलं.

दिवाळीनंतर एका दुपारी मशीनची सुई थरथरली. "बारीकच होतं, कुठलं तरी," असं अण्णांनी घरी येऊन सांगितलं. त्याच आठवड्यात आत्याचा मुलगा दारात उभा राहिला. त्याचं भादरलेलं डोकं पाहून आईनं चौकट धरली. त्या दुपारी माळवद खाली बसलं तेव्हा सून बाळाला घेऊन अंगणात उन्हाला बसली होती, म्हणून वाचली. आत्या आत होती. गावातली बाकीची घरं उभीच होती.

अण्णा नोकरी सोडतील असं मला वाटलं होतं. सुतक फिटलं आणि ते कागद काळा करायला गेले. मला त्यांचा फार राग आला, आणि तो कित्येक वर्षं गेला नाही.

म्हातारपणी एकदा जेवताना, कसलाही विषय नसताना, त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "कागदावर लई बारीक होतं गं ते."