आजोबांना नाकारलं तो रविवार

डीमन या डच गावातल्या त्या फ्लॅटमध्ये मी शेहेचाळिसाव्या वर्षी राहायला गेलो. बायको-मुलगी पुण्यात, ऑफिस स्लोटरडाइकला, आणि नगरपालिकेत पत्ता नोंदवता येईल अशी एवढी एकच खोली मिळाली. उरलेल्या तीन खोल्यांत तीन तुर्की विद्यार्थी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'आबी' करून टाकलं. आबी म्हणजे मोठा भाऊ. खरं तर मी त्यांच्या बापाच्या वयाचा.

रविवारी सकाळी सगळे एकत्र नाश्ता करायचे. टोमॅटो-मिरचीत शिजवलेली अंडी तव्यासकट टेबलावर यायची आणि चौघांनी पाव मोडून त्यातच बुडवायचा. मी पहिल्या रविवारी माझं वेगळ्या ताटलीत काढून घेतलं. अदानाहून आलेला, त्यातला सर्वांत बडबड्या, म्हणाला, "आबी, आम्हाला काही रोग आहे का?" सगळे हसले. मीही हसलो. पण दुसऱ्याच्या भांड्यात जाताना माझा हात आजही थबकतो. समोरच्याला चालेल ना, हा प्रश्न आधी हाताला पडतो, मग मला.

काही आठवड्यांनी मी त्याला कारण सांगितलं. आजोबा शाळेत असताना त्यांना मडक्याला हात लावू देत नसत; शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा, आणि शिपाई नसला की आजोबा तहानलेले घरी यायचे. आमच्या माणसांबाहेर हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. इंग्रजीत सांगणं सोपं गेलं. त्याने मध्ये एकदाही 'अरेरे' केलं नाही. नंतर एवढंच विचारलं, "आजोबा पुढे शिकले?" म्हटलं, "सातवीपर्यंत." "मग जिंकले," तो म्हणाला.

ऑफिसात मात्र मी वेगळाच माणूस होतो. आमचा टीम लीड पुण्याचा. चांगला माणूस, हे आधीच लिहून ठेवतो. आल्या आल्या त्याने चौकशी केली, "मूळ गाव कुठलं तुझं? कुलदैवत?" माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मी म्हणालो, "जेजुरीचा खंडोबा." आमच्या घरचे देव आजोबांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. जीभ अडखळलीही नाही. त्यानंतर रोज एकच भीती: याला माझी जात कळली तर?

एकदा जेवताना तो म्हणाला, "अरे, तुझ्या त्या तुर्की पोरांचा नाश्ता खायचाय. रविवारी येऊ का?"

नाही कसं म्हणणार?

शनिवारी मी खोलीतला निळ्या कोटातला फोटो भिंतीवरून काढला आणि बॅगेत स्वेटरांखाली ठेवला. भिंतीवर चौकोनी फिकट डाग उरला, तिथे कॅलेंडर लावलं. पोरांना काय सांगायचं, ते मात्र सुचेना. 'माझ्या आजोबांविषयी बोलू नका' असं म्हटलं तर 'का?' येणार. म्हणून काहीच बोललो नाही.

लीड वेळेवर आला, डच शिस्तीत. बूट काढले, दिलेल्या सपाता घातल्या, तव्यात पाव बुडवला आणि म्हणाला, "वा! आपल्याकडे टोमॅटोचं ऑम्लेट म्हणून काय खातो रे आपण!" पोरं खूश. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात अदानावाला कौतुकाने म्हणाला, "आबीला पहिल्या दिवशी आमच्यासोबत एका तव्यात खाता येईना. त्याच्या आजोबांना शाळेत वरून पाणी ओतायचे ना, म्हणून. तुम्हाला माहीत असेल."

लीडचा हात तव्यावर थांबला. ऐकून थांबला की तोंडातला घास संपवायला, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "तुझ्या आजोबांना?"

"छे, छे!" मी हसलो. हसू कुठून आलं देव जाणे. "गावातल्या एकाची गोष्ट सांगितली होती. पोराने घोळ घातला." मग इंग्रजीत त्या मुलाला म्हणालो, "माझे आजोबा नाहीत ते. तुझा गैरसमज झालाय."

त्या मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग लीडकडे वळून म्हणाला, "सॉरी. माझं इंग्लिश कच्चं आहे."

त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"बिचारे," लीड म्हणाला. "आता असलं काही राहिलं नाही म्हणा." आणि त्याने आणखी पाव मागितला.

तो गेल्यावर मी भांडी घासायला उभा राहिलो. अदानावाला शेजारी येऊन पुसू लागला.

"तो तुला कामावरून काढेल?"

"नाही."

"मारेल?"

"काहीतरीच काय!"

"मग काय करेल?"

काहीच केलं नसतं त्याने. फार तर दुसऱ्या दिवशी जेवताना तो माझ्याशी जरा जपून बोलला असता. त्या जपून बोलण्याला मी एवढा घाबरत होतो, हे त्याला कोणत्या भाषेत सांगू?

"माझ्या घरात, माझ्या टेबलावर तू मला खोटं पाडलंस, आबी," तो म्हणाला. आवाज चढला नाही. ताटल्या पुसून जागेवर ठेवल्या आणि खोलीत गेला.

नाश्ते पुढेही झाले. तो मला पाव द्यायचा, हसायचा. माझ्या घराविषयी मात्र त्याने पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. शिक्षण संपवून अदानाला निघाला तेव्हा दोन्ही गालांचे मुके घेऊन गेला. माफी मागायचं वाक्य माझ्या तोंडाशी तयार होतं. ट्राम आली आणि ते तसंच राहिलं.

लीड अजून माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतो. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर त्या मुलाला वाचता आलं असतं. पण लीड मराठी वाचतो, दिवाळी अंक मुद्दाम मागवतो; म्हणून मराठीत लिहिलं. इथे कुणाचंही नाव घातलेलं नाही. तरी तो नाश्ता त्याला आठवेलच. ते माझेच आजोबा होते. हे वाचून सोमवारी तो माझ्या टेबलापाशी येईल किंवा येणार नाही, आणि दोन्हींची मला भीती वाटते.