आमच्या बूथचं इंग्रजी

इलेक्शन झालं की बोटावरची शाई नखाबरोबर वाढत वाढत दीड-दोन महिन्यांत कापली जाते. किस्से मात्र कापले जात नाहीत! आज पंचायतीचं, उद्या तालुक्याचं, मग एमएलएचं, असं करत त्यांच्यात भरच पडते. मी सतरा वर्षं या एकाच बूथची बीएलओ आहे. म्हणजे शाळेतली बाई तीच आणि मतदारयादीची राखणदारही तीच. बूथ तरी कुठला, माझाच चौथीचा वर्ग. चिटगुप्प्याहून जीपनं अर्धा तास.

आमच्याकडं घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी. मग इलेक्शनची भाषा कुठली, यावर भांडण नको म्हणून सगळ्यांनी मिळून इंग्रजी घेतली. ती कुणालाच धड येत नाही, त्यामुळं कुणाचा अपमान होत नाही!

रेवणअप्पा एका पार्टीचे बूथ एजंट. चहाचं हॉटेल चालवणारे महेबूबभाई दुसऱ्या पार्टीचे. इलेक्शनचे पंधरा दिवस दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सोळाव्या दिवशी एका बाकावर चहा. आणि शेवंताक्का शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. मतदानादिवशी पोलिंगच्या लोकांचं जेवणही तिच्याच हातचं. तिचा एकुलता एक बालाजी माझ्याकडंच शिकला. आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडवून मामाच्या मेंढरांमागं पळायचा. मोठा झाला आणि आठ वर्षांपूर्वी पुण्याला कामाला गेला. दोन वर्षं फोन येत होते, मग बंद झाले. यादीत मात्र तो अजून आहे, चारशे सात नंबरला. ते नाव कटू नये, एवढंच अक्काचं देवाकडं आणि माझ्याकडं मागणं.

*

एकदा पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मी पोरांना बजावलं, "उद्या सगळ्यांनी क्यानवास घालून या." पांढरे बूट हो, परेडसाठी!

संध्याकाळी एक बाप घरी हजर. पंचायतीच्या प्रचाराचं वातावरण तापलेलं होतं. म्हणाला, "बाई, पोरगं क्यानवासिंगला न्यायलाव ते न्या, आमचं काय म्हणणं न्हाई. पण कोणत्या पार्टीच्या, ते तरी सांगा!"

*

त्याच पंचायतीला रेवणअप्पांचा मेव्हणा केरबा हौसेनं उभा राहिला. रेवणअप्पांच्या पार्टीची मतं फुटायला लागली. त्यांनी त्याला दम भरला, "केरबा, तीनच्या आत गुमान विड्रॉल फॉर्म भर!"

केरबा आज्ञाधारक माणूस. सरळ बँकेत गेला, रांगेत उभा राहिला, विड्रॉलची स्लिप घेतली आणि जिथं रक्कम लिहितात तिथं लिहिलं, 'मेंबरकी'.

कॅशियरनं स्लिप उलटी केली, सुलटी केली. म्हणाला, "अण्णा, हे तुमच्या खात्यात न्हाई."

केरबा भडकला. "खातं कोण मागायलंय साहेब? मी तर मेंबरकीच परत द्यायलाव!"

तोवर तीन वाजून गेले. केरबाचं नाव छापून आलं आणि गडी निवडूनही आला! अजून तो कॅशियर बाजारात दिसला की केरबा वाकून पाया पडतो.

*

काउंटिंगच्या दिवशी सगळं गाव महेबूबभाईंच्या हॉटेलात टीव्हीसमोर. एकदा नेमकं कन्नड चॅनेल गेलं, म्हणून इंग्रजी लावलं. रेवणअप्पांच्या उमेदवाराच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात 'ट्रेलिंग' आलं. त्यांनी माझ्याकडून तेवढं वाचून घेतलं आणि बाहेर जाऊन पहिला फटाका लावला.

महेबूबभाई म्हणाले, "अप्पा, कायकू फोडायले? तुमचा माणूस मागं हाय की!"

"अरे ट्रेलिंग हाय म्हणायल्यात! ट्रेलर जोडलाय. ट्रेलर मागं जोडल्याबिगर माणसं बसतील कुठं?"

आम्ही पोट धरून हसत होतो. शेवंताक्का दाराजवळ उभी होती. तिला कोण पुढं, कोण मागं, याचं काही नव्हतं. जरा हसणं ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, "मेबूबभाई, पुण्याचं दावत न्हाईत का वो ह्याच्यावर?"

*

अक्काला इलेक्शन आवडतं. आम्ही रिझल्टची वाट बघतो, ती मतदानाची. कारण त्या दिवशी पुण्याहून, हैदराबादहून गाड्या भरभरून पोरं येतात. एरवी गावात म्हातारी माणसं, शाळेची लेकरं आणि कुत्री. त्या एका दिवशी कट्ट्यावर बसायला जागा नसते. खरं सांगते, मलाही तो दिवस फार आवडतो. माझ्या वर्गातली, आता मिशा आलेली पोरं "बाई, वळखलाव का?" म्हणत मतदानाची स्लिप मागायला येतात, तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. आणि दर गाडी थांबली की मीसुद्धा मान वर करून बघते. चारशे सातची स्लिप मी दर वेळी वेगळी काढून ठेवते.

मतदानाच्या दोन दिवस आधी प्रचार बंद होतो. मागच्या खेपेला महेबूबभाई स्पीकर उतरवत होते. अक्कानं विचारलं, "कामून काढायलाव? चांगलं गाणं लागलं हुतं की."

भाई म्हणाले, "सायलेंट पिरेड लागला अक्का. आता आवाज बंद. चोवीस तास फोन वाजायलेला, तो बी बंद!"

अक्का हसली. म्हणाली, "लई दिवसांनी तुमचं इंग्रजी कळालं मला. माझ्या घरात सहा वर्सं सायलेंट पिरेडच हाय."

भाईंनी स्पीकर पुन्हा वर चढवला, ते गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं आणि मग उतरवला. नियमाच्या बाहेरची पाच मिनिटं झाली. मी नियमाची बाई, पण त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही.

*

त्याच मतदानाची गोष्ट. बूथमध्ये पहिला पोलिंग ऑफिसर मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतो. एजंटांना ऐकू जावं आणि बोगस माणूस असेल तर त्यांनी 'चॅलेंज' म्हणावं, अशी पद्धत आहे. दुपारी बाराच्या सुमाराला आतून आवाज आला.

"चारशे सात! बालाजी लक्ष्मण!"

मी बाहेर लिंबाखाली यादी घेऊन बसले होते. चारशे सातची स्लिप माझ्या पर्समध्ये होती. मी उठेपर्यंत स्वयंपाकघरातून अक्का पळत सुटली होती. हातात वरणाची पळी तशीच, पदर कुठं, चप्पल कुठं! पोलिसानं अडवायच्या आत ती दारात पोचली.

आत एक परकाच माणूस उभा होता. चांगला तिशीचा. शर्टाच्या खिशात चष्मा. महेबूबभाई आणि रेवणअप्पा दोघंही "चॅलेंज" म्हणायला उभे राहिले होते. अक्काला बघून दोघंही परत खाली बसले.

ऑफिसर बाहेरगावचे, त्यांना काही माहीत नाही. त्यांनी विचारलं, "अक्का, हे तुमचे कोण?"

अक्कानं त्या माणसाकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग म्हणाली, "कोण न्हाई, साहेब."

तो माणूस मान खाली घालून मत न देताच बाहेर निघाला. त्याला कुणी पाठवलं होतं, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. अक्का त्याच्या मागं मागं गेली. मला वाटलं, आता पळीच हाणते! तर म्हणाली, "उनाचं आलायस. एक ताट वाढून ठिवलेलं हाय. जेवून जा."

तो जेवला. शाळेच्या पायरीवर बसून, कुणाकडं न बघता जेवला.

*

यंदा यादी साफ करायचा हुकूम आला. जो माणूस गावात सापडत नाही त्याच्यापुढं एक इंग्रजी अक्षर लिहायचं. ए, एस किंवा डी. ए म्हणजे ॲब्सेंट, एस म्हणजे शिफ्टेड, डी म्हणजे डेड. ए लिहिलं तर खूण होऊन नाव राहतं. एस आणि डी म्हणजे कट.

सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, आठ वर्षं जो आला नाही तो शिफ्टेड. यात विचार कसला करायचा?"

सगळं गाव भरून झालं, चारशे सात कोरा राहिला. घरच्यांना विचारूनच लिहायचं, असा नियम. म्हणून मी रजिस्टर घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात गेले. महेबूबभाई आणि रेवणअप्पा माझ्या मागून आले आणि दाराशी उभे राहिले. अक्का तांदूळ निवडत होती.

मी म्हटलं, "अक्का, बालाजीचं लिहायचंय. तीन अक्षरांतलं एक. शिफ्टेड लिहू का?"

"म्हंजे काय?"

"म्हणजे बिऱ्हाड हलवलं."

"काय हलवलंय त्यानं? हंतरूण हितं हाय, ताट हितं हाय. जाताना दोन सदरे तेवढे घिऊन गेला. त्याला बिऱ्हाड म्हणतेत व्हय?"

डी हे अक्षर मी उच्चारलंच नाही. रेवणअप्पांनी तोंड फिरवलं. अक्काला ते न सांगताच कळलं असावं, कारण तिचा हात सुपातच थांबला.

मग तिनं विचारलं, "आन् ऱ्हायलेलं?"

"ॲब्सेंट," मी म्हटलं.

"हे तर मला ठावं हाय की!" तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. "हजेरीत हे तुमीच लिवायचाव न्हवं बाई, बालाजीच्या म्होरं? आन् दुसऱ्या दिशी सकाळी पयल्या बाकावर तोच बसलेला असायचा."