पोटातल्याची सव्वा मूठ

कानबाईनं माझ्या हातून चूक करवून घेतली, की मीच म्हातारपणी मोजायला चुकले, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, हरभऱ्याच्या डाळीबरोबर दळायचे, आणि ते पीठ पुनवेच्या आत संपवायचं, तेही घरच्याच माणसांनी. परक्याला घासभरही नाही. यंदा सुपात गहू घेताना माझ्या हातून एक मूठ जास्त पडली. सून म्हणाली, "आत्याबाई, ही कोणाची?" मी ती तशीच दळायला टाकली.

तरुणपणी मी याच सुपासमोर भरल्या पोटानं बसले होते. तेव्हाची मी म्हणजे नुसतं घाबरट गाठोडं. चार देव्यांना नवस बोलले, कोणाला काय बोलले तेच विसरले आणि चौघींनाही नारळ देऊन मोकळी झाले. सासूला विचारलं, पोटातल्याची मूठ धरायची का? ती म्हणाली, "भाईर तर येऊ दे व माय, मंग पाहू." बाहेर मुलगी आली. मुठीचा प्रश्न तिथंच मिटला.

पुनव जवळ आली तरी त्या जास्तीच्या मुठीचं पीठ उरलंच. घरात सगळ्यांचं खाऊन झालेलं. घरचं एकच माणूस बाहेर होतं, नातसून कोमल, पहिल्या बाळंतपणाला यावलला माहेरी गेलेली. मग पुऱ्या तळल्या, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं बोचकं बांधलं आणि रावेरहून बस धरली. नातू हसला, म्हणाला, आजी, चार पुऱ्यांसाठी एवढा प्रवास? मलाही ते येडेपणाचंच वाटत होतं.

कोमल दार उघडायला आली आणि मी पुऱ्या विसरले. तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या. तिची आई, आमच्या विहीणबाई, म्हणाल्या, दिवस भरत आले की सूज येतेच. तेही खरंच की. जळगावच्या दवाखान्याची तारीखही दोन दिवसांवर होती. पण पोरगी हळूच म्हणाली, "आजी, सकाळपासून डोकं ठणकतंय, आणि डोळ्यापुढे काजवे चमकतात." मला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त आता बसायचं नाही, एवढं कळलं.

विहीणबाईंची गाडी गॅरेजात होती. आम्ही तिघी माझ्या बोचक्यासकट रस्त्यावर आलो, तर केळी उतरवून जळगावकडे निघालेली एक रिकामी पिकअप थांबली. ओळख ना पाळख. ड्रायव्हरनं कोमलकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बस व अक्का, पुढे बस." विहीणबाई तिच्याजवळ बसल्या, मी मागे केळीच्या पानांवर. प्रत्येक खड्ड्याला कानबाईला काहीतरी म्हणायचं होतं, पण नवस सुचेना. एवढंच म्हणाले, तुझं तू पाहा, मला समजत नाही.

जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी फार वाढलंय, उद्यापर्यंत थांबला असता तर दोघांचं अवघड होतं. कोमलला लगेच आत नेलं.

बाहेर ड्रायव्हर अजून उभाच होता. पैसे घेईना. सकाळपासून उपाशी आहे म्हणाला. माझ्याकडे काय होतं? रोटाच्या पुऱ्या. परक्याला द्यायच्या नाहीत. मी बोचक्याची गाठ सोडली, बांधली, पुन्हा सोडली. मग दोन पुऱ्या त्याच्या हातावर ठेवल्या. कानबाईला राग यायचा असेल तर तो माझ्यावर येऊ दे. तो खात होता तेव्हाच आतून रडणं ऐकू आलं. मुलगी.

उरलेल्या पुऱ्या कोमलनं चौथ्या दिवशी खाल्ल्या. पुनव तोवर उलटून गेली होती. म्हणजे माझा नेम दोनदा मोडला, आणि पदरात मात्र पणती पडली. याचा अर्थ मी कोणाला विचारत नाही. तरुण असते तर आणखी चार नारळ फोडले असते.

पुढच्या श्रावणात पणतीची सव्वा मूठ मीच घेणार आहे. वर आणखी एक पडली, तर पडू देईन. कोणाची आहे ते जिची तिला ठाऊक.