दादाच्या आवाजाखालचा सूर

नवा सिंथेसायझर घरात आला तेव्हा वहिनीने दारातूनच त्याची लांबी डोळ्यांनी मोजली.

"वन्सं, हा पाहुणा झोपणार कुठं?"

"माझ्या खोलीत."

"आणि तुम्ही?"

गल्लीत या वन्संना सगळे बटणताई म्हणत. तरुणपणी ती रेडिओ जोडायच्या कारखान्यात होती. दिवसभर भिंगाखाली कथील वितळवून तारांच्या जोडांना डाग द्यायचे. नीट बसलेला डाग चकचकीत दिसतो, घाईचा मळकट. मळकट दिसला की ती उखडून पुन्हा देई, मग मुकादम कितीही कावो. कारखाना बंद पडला तेव्हा हातात कसब होतं, काम नव्हतं. एका स्टुडिओने भंगारात काढलेला सिंथेसायझर तिने उचलून आणला, उघडला आणि एकेक जोड तपासत चालू केला. एका वेळी एकच सूर वाजवणारं ते यंत्र. तयार आवाज एकही नाही. बासरीसारखं काही हवं असेल तर बटणं फिरवत आपणच घडवायचं. ती घडवायला शिकली. मग जाहिरातींचे तुकडे आले, नाटकांचं पार्श्वसंगीत आलं, आवाज घुमू नये म्हणून घरामागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया लागल्या. पोट चाललं.

तिचा थोरला भाऊ गायचा. खर्ज असा भरदार की मागच्या रांगेतला माणूसही मान वर करी. मग घशाचं ऑपरेशन झालं. आवाजाची खालची बाजू गेली. उरला तो पातळ, वाऱ्याचा, कडेला फाटणारा. वर्षभर दादाने गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. आणि एके दिवशी आपणहून तिच्या खोलीत आला.

"माझं ते नदीचं गाणं रेकॉर्ड कर. ऐकून बघू. बरं वाटलं तर गात राहीन. नाहीतर विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही."

एकदाच गायला आणि निघून गेला.

ती धास्तावली. आवाज अशक्त, म्हणजे टेकू भक्कम हवा, असा तिने हिशेब केला. म्हणून हा नवा सिंथेसायझर. दुकानात एक कळ दाबली की अख्खा वाद्यवृंद उभा राहत होता. ती भाळली. जिने कधी घाईचा डाग खपवून घेतला नाही, ती तयार मालावर भाळली.

घरी तिने दादाचा आवाज बंद ठेवला आणि वाद्यं निवडायला बसली. व्हायोलिनचा ताफा झकास लागला. त्यात घंटांची किणकिण घातली. मागे दूरवरच्या कोरसचा धूसर पडदा सोडला. एकेक चीज सुटी ऐकावी तर वाहवा. मग दादाचा आवाज चालू केला, तर तो सापडेना. मोठा केला तर श्वासाची खरखर मोठी झाली. खरखर पुसली तर शब्द बोथट झाले. बोथटपणा झाकायला आणखी व्हायोलिन. आठवडाभर ती अशी राबली. राबण्यात कसूर नव्हती, पण घाम चुकीच्या जागी गळत होता.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून खुंटीला नीट अडकवला.

"छान झालंय."

"दादा, अजून पुरं नाही झालं."

"अगं, छानच झालंय. फक्त यात मी कशाला हवा, ते कळलं नाही."

चपला पायात सरकवून तो बाहेर पडला.

सकाळी ती पुन्हा बसली. गाण्यात कुठंतरी घुमारा साचत होता. तो कुणाचा, हे शोधायला ती एकेक वाद्य बंद करत गेली. कोरस गेला, घंटा गेल्या, शेवटी व्हायोलिनही गेलं. खरखर पुसणारी करामतही तिने काढून टाकली. तेवढ्यात वाळलेले कपडे घेऊन वहिनी दारात थबकली.

"हे कधी गायले?"

"कोण?"

"कोण काय, तुमचे बंधू. आधीचं ते ऐकवत नव्हतं. हे बरंय."

"वहिनी, हे तेच आहे. आठवडाभर हेच वाजतंय."

वहिनीने कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला. "म्हणजे इतके दिवस माणसाला गाद्यांखाली दाबून ठेवलं होतं म्हणा की."

बटणताईला हसू आलं नाही. तिने गाणं पहिल्यापासून लावलं. दिवसभर तिने नुसता तो आवाजच ऐकला. कुठं तो भरतो, कुठं विरतो. जिथं कड फाटत होती तिथं शब्द कानाशी सांगितल्यासारखा येत होता. तो दोष नव्हताच. मात्र ओळीच्या शेवटी आवाज संपून जाई आणि पायरी हुकल्यासारखं वाटे. टेकू नको होता. सोबत हवी होती.

तिने नवा सिंथेसायझर भिंतीला लावला आणि जुना पुढे ओढला. या वेळी दादाचा आवाज क्षणभरही बंद केला नाही. तो चालू असतानाच बटणं फिरवली. सूर त्याच्या आवाजाच्या पार खाली ठेवला, जिथं पूर्वी त्याचा स्वतःचा खर्ज असायचा. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. ती घट्ट करत वरची चकाकी गाळून टाकली, इतकी की उरली नुसती ऊब. तरी सूर शब्दावर आदळत होता. मग त्याची सुरुवात मऊ केली. शब्द आधी, सूर मागून. दादा श्वास घेई तिथं सुराने मागे सरावं, हे मात्र कुठलंच बटण आपोआप करणार नव्हतं. ते हातानेच, प्रत्येक ओळीला, गाण्याबरोबर. चुकलं की पहिल्यापासून. मनगट आखडलं, तिने पट्टा बांधला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दादा यायला तयार नव्हता. "झालं ना एकदा ऐकून."

"त्यांनी हात मोडून घेतलाय," वहिनी म्हणाली. "नावं ठेवायची तर ठेवा, पण ऐकून ठेवा."

तो आला. बसला नाही. उभ्याउभ्याच हेडफोन लावला आणि नजर जमिनीवर ठेवली. गाणं संपलं तरी त्याने हेडफोन काढला नाही.

"पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी त्याने मध्येच बोट वर केलं. "थांब. इथं, 'पलीकडे' म्हणताना, मी सुरातून उतरलोय."

"थोडासाच."

"थोडासा म्हणजे उतरलोयच की. आणि तुझं ते खालचं जे आहे, ते जरा लवकर येतंय."

"ते वेळेवर येतंय. तू ओळ उशिरा सोडतोस."

"मी?" त्याने ती ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली. ओठ हलले. "बरं, सोडतो लवकर. माइक कुठाय?"

वहिनीने बाहेरून खोलीचं दार ओढून घेतलं आणि शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बंद केला.